धुतलेलाच कोट

मी मुलींच्या होस्टेलच्या तळघरातली कपडे धुण्याची मशीन बोलतेय. माझा आवाज घरघरतो आणि मध्येच मला दम लागतो, तेवढं चालवून घ्या. इतकी वर्षं दुसऱ्यांचे कपडे पोटात घेऊन गरगर फिरला असतात तर तुमचंही हेच झालं असतं. कारखान्यातून निघाले तेव्हा मला सगळे 'ते मशीन' म्हणायचे. पुढे मुलींमध्ये आयुष्य गेलं आणि मी 'ती' झाले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रारी वेगळ्याच आहेत, आणि बऱ्याच आहेत.

जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. एका लांबलचक शेडमध्ये पट्ट्यावरून सरकत सरकत मला एकेक अवयव मिळाला. आधी पत्र्याचं अंग, मग ड्रम, मग मोटार आणि शेवटी हे पुढचं गोल काचेचं दार. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी मला रिकामंच फिरवून पाहिलं, अंगाला कान लावून ऐकलं आणि पाठीवर शिक्का मारला. त्या दिवशी माझी घरघर सोडा, साधी कुरकूरही ऐकू येत नव्हती.

पहिल्या घरात नवरा, बायको, जुळी मुलं आणि सासूबाई होत्या. सासूबाईंचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्या आधी कपडे हातांनी घासायच्या, खळबळून काढायच्या आणि मग माझ्यात टाकायच्या. सूनबाई म्हणायच्या, "आई, मग मशीन घेतली कशाला?" सासूबाई म्हणायच्या, "अगं, ती पिळते छान." मला भारी राग यायचा. जुळी मुलं मात्र माझ्या काचेसमोर फतकल मारून बसायची आणि आपापला मोजा कधी वर येतो ते बघायची. माझ्याकडे इतकं मन लावून त्यानंतर कोणी बघितलेलं नाही.

मग त्यांनी घर बदललं. नव्या घरात माझ्यापुरता कोपरा नव्हता. होस्टेलच्या रेक्टरबाई सूनबाईंच्या मैत्रीण, त्यामुळे मी एका टेम्पोत आडवी पडून इथे आले आणि तळघरात, पाण्याच्या नळाशेजारी उभी राहिले. समोर भिंतीला लागून एक लाकडी बाक. वर लोखंडी जाळीची छोटी खिडकी, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला दिसतात. दाराबाहेर दोन पायऱ्या. मोबाईलला रेंज मिळते ती त्या पायऱ्यांवर, आत अजिबात नाही. हे रेंजचं लक्षात ठेवा, कारण इथली सगळी हकीकत त्याच्यामुळेच घडली.

सुरुवातीला मुली मला लावून निघून जायच्या. मग कपडे तासन्‌तास आत कुबट वास धरून पडायचे, मागची मुलगी ते काढून बाकावर फेकायची आणि त्यावरून भांडणं व्हायची. एक जण मला लावून सिनेमाला गेली आणि परत येईपर्यंत तिचा चांगला कुर्ता दुसऱ्याच कुणाच्या अंगावर चढला होता. शेवटी रेक्टरबाईंनी दारावर पाटी लावली की जिचे कपडे असतील तिने मशीन थांबेपर्यंत इथेच बसायचं. मुलींनी नाकं मुरडली, पण पाटी टिकली.

कपड्यांवरून मला माणूस कळतो. पहिल्या वर्षाच्या मुली रंगीत वेगळे, पांढरे वेगळे करून आणतात, खिसे तपासतात आणि साबणाची पावडर मोजून घालतात. शेवटच्या वर्षाच्या, त्यातही शेवटच्या सेमिस्टरच्या मुली सगळं एकत्र कोंबतात. खिशात पेनाची टोपणं, बसची तिकिटं, चुरगळलेले टिशू, कधी अख्खं पेनच. मुलाखतीचा एकच चांगला शर्ट असतो, तो सगळ्या मजल्यावर फिरत असतो आणि त्याला दर वेळी वेगळ्या मुलीच्या अत्तराचा वास येतो. बाह्यांच्या कडा मळलेल्या असतात, कारण टेबलावर डोकं ठेवून झोपायचं म्हणजे बाहीच उशाला येते. या मुलींचा थकवा त्यांच्या कपड्यांत उतरतो आणि मग तो माझ्या अंगात येतो. साबणाने तो जात नाही, मी खूप वर्षं करून पाहिलं आहे.

आता त्या मुलीकडे येते. तिला मी कोटवाली म्हणते. ती सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. प्रयोगशाळेत यांना पांढरा कोट घालावा लागतो आणि त्यावर जांभळ्या रंगाचे डाग पडतात, जे सहजासहजी जात नाहीत. पहिल्या वर्षी ती बाकावर बसून पाय हलवत मोठमोठी पुस्तकं वाचायची. अभ्यासाची नव्हे, गोष्टींची. मी पाणी कधी घेतलं, कधी सोडलं, कधी थांबले, तिला पत्ता नसायचा. पुढची मुलगी येऊन म्हणायची, "अगं, झालेत कपडे," तेव्हा ती भानावर यायची.

दुसऱ्या वर्षी पुस्तकं बारीक झाली. तिसऱ्या वर्षी बंद झाली. शेवटच्या सेमिस्टरला ती यायची तेव्हा हातात मांडीवरचा कॉम्प्युटर असायचा, कानात काहीतरी खोचलेलं असायचं आणि तोंडाने ती कसलेतरी आकडे पुटपुटत असायची. तिच्या जोडीला एक मैत्रीण असायची, दोघींचा प्रकल्प एकच. या मैत्रिणीला मी घाईबाई म्हणते, कारण ती पायऱ्या उतरतानाच बोलायला सुरुवात करते आणि वाक्य संपायच्या आत परत वर निघते. मनाने वाईट नाही. तिच्या कपड्यांची बटणंही नेहमी एक चुकवून लावलेली असतात.

एके दिवशी दोघी बाकावर बसल्या असताना कोटवालीने सांगितलं, म्हणून मला कळलं. तिचे आईवडील दोघंही नोकरीवर जायचे, त्यामुळे शाळा सुटली की ती मावशीकडे जायची. मावशी एकटी राहते. त्या दोघींचा एक रिवाज आहे. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्यायच्या, एक हिची, एक तिची, आणि जोडीने वाचायचं. कोणी पुढे पळायचं नाही. जी मागे असेल तिच्यासाठी दुसरीने थांबायचं. रविवारी फोन करून कुठवर आलो ते सांगायचं आणि तेवढ्यावर पोटभर बोलायचं. होस्टेलला आल्यावरही त्यांनी हे चालू ठेवलं होतं.

"आत्ता एक जाडजूड कादंबरी घेतलीय," कोटवाली म्हणाली. "सेमिस्टर सुरू झालं आणि मी तिसऱ्या प्रकरणावर अडकून बसले. मावशी माझ्यासाठी थांबलीय. दर रविवारी म्हणते, असू दे गं, मीही तिथेच आहे."

"मग तिला सांग ना, पुढे वाच म्हणून," घाईबाई म्हणाली.

"सांगितलं. ऐकत नाही. आणि आता तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. किरकोळच आहे म्हणते, पण नंतर बरेच दिवस तिला पुस्तक हातात धरू देणार नाहीत. त्याच्याआधी संपवूया म्हणाली."

"कधी आहे ऑपरेशन?"

"आपल्या सादरीकरणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरती व्हायचंय."

घाईबाईने मान हलवली आणि आलेखांचं काय झालं ते विचारलं. तिचा काही दोष नाही. त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात आलेखांशिवाय काही मावतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोटवाली खाली आली ती कपडे न घेता, नुसतं पुस्तक घेऊन. माझ्यात दुसऱ्या कुणाचे टॉवेल फिरत होते. ती बाकावर बसली, पुस्तक उघडलं. जरा वेळाने घाईबाई उतरली.

"अगं, इथे आहेस होय. फोन लागत नाही तुझा. काय करतेयस?"

"वाचतेय."

"बरं झालं, रिकामीच आहेस. चल, ते तापमानाचे आकडे परत तपासायचेत."

कोटवालीने पुस्तक मिटलं आणि गेली. त्यानंतर परत एकदा आली तर रेक्टरबाई पाणी बघायला खाली आल्या होत्या. "नुसती बसली आहेस ना? जरा हे पडदे वाळत घालायला हात लाव." पडदे वाळत घालण्यात तिचा वेळ संपला. मी बघत होते. मुलगी वाचत होती, डोळ्यांसमोर उघडं पुस्तक होतं, तरी ती सगळ्यांच्या लेखी रिकामीच होती.

तिसऱ्या वेळी ती कोट घेऊन आली. खरोखरच डाग पडलेला होता. तिने मला लावलं आणि बाकावर बसून पुस्तक काढलं. थोड्याच वेळात घाईबाईच्या चपला खिडकीतून दिसल्या. दारातूनच तिने विचारलं, "काय करतेयस?"

कोटवाली म्हणाली, "कोट लावलाय."

"अच्छा. झाला की ये वर." आणि घाईबाई गेली. अगदी सहज गेली. कोटवाली कितीतरी वेळ त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिली. मग तिने पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी तोच कोट परत आला. मी पाणी घेतलं, घुसळलं, सोडलं. पाणी जसं आत आलं होतं तसंच बाहेर गेलं. कोटावर एक डाग नव्हता, घामाचा वास नव्हता, कॉलरवर मळाची रेघ नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. खरं सांगते, मी चिडले. माझं बेअरिंग झिजलेलं, पट्टा सैल झालेला, एकेक फेरी मारताना माझ्या नाकी नऊ येतात आणि ही बया धुतलेलाच कोट धुवायला आणते. मला सासूबाईच आठवल्या. निदान त्या तरी स्वतः घासत होत्या.

पण माझा राग टिकला नाही, कारण मला तिचा चेहरा समोरच दिसायचा.

सुरुवातीला तिला वाचता यायचंच नाही. वर्षभर नुसते आलेख आणि अहवाल वाचल्यावर डोळे गोष्टीवर थांबेनात. एकच पान ती पुन्हा पुन्हा वाचायची. पाय सारखा हलायचा. मध्येच फोन काढायची, रेंज नाही हे बघायची आणि परत ठेवायची. एकदा दोन पानं झाली नाहीत तोच तिचं डोकं भिंतीला टेकलं आणि ती झोपली. मी कपडे पिळायला लागले की जोरात धडधडते, त्याने तिला जाग आली. पुस्तक खाली पडलं होतं. तिने ते उचललं, कुठवर आलो होतो ते शोधलं आणि तिला रडू आलं. रडत रडतच तिने वाचायला सुरुवात केली. मी काय करणार. मी पाणी घ्यायला थोडा जास्त वेळ लावायला लागले, एवढंच माझ्या हातात होतं.

हळूहळू पाय हलायचा थांबला. मग एकदा ती वाचताना हसली. आवाज न करता, पण हसली. मग असं झालं की मी थांबले, माझं दार उघडण्याचा खटका वाजला आणि तिला कळलंच नाही. अगदी पहिल्या वर्षीसारखं. मी थकलेली आहे, मला फार आनंद झेपत नाही, पण त्या दिवशी मला बरं वाटलं.

रविवारी ती पायरीवर उभी राहून मावशीला फोन करायची. मला तिचंच बोलणं ऐकू यायचं. "मी बंदरावरच्या प्रकरणापाशी आले. तू? तूही? बरं. कसा वाटला तो डॉक्टर?... अगं, तोच नाही का, बोटीतून येतो आणि खानावळीत उतरतो. विसरलीस? म्हातारी झालीस हं तू... बरं, सांगते. तो खानावळवालीला म्हणतो की..." आणि मग ती अख्खं प्रकरण सांगत बसायची. पायरीवर उन्हात उभी राहून, हातवारे करून. खानावळवाली, तिचा भाऊ, बोटीतला डॉक्टर, या सगळ्यांची नावं मला तिच्यामुळे पाठ झाली, पण गोष्ट मात्र मला तुकड्या-तुकड्यांनीच मिळत होती. पुस्तक ती मनात वाचायची ना.

इकडे माझी तब्येत ढासळत होती. फिरताना मी जागेवरून सरकायला लागले, खालून पाणी गळायला लागलं. रेक्टरबाईंनी मेकॅनिकला बोलावलं. त्याने माझा ड्रम हाताने हलवून पाहिला, कपाळाला हात लावला. "बाई, हिचं आता काही राहिलं नाही. असं रोज सतत कोण लावतं हिला? नवीन घ्या. हल्लीच्या मशीनचं कसं असतं, कपडे झाले की फोनवर निरोप येतो. बसून राहायला नको."

ही बातमी रेक्टरबाईंनी तिथे आलेल्या मुलींना सांगितली तेव्हा सगळ्या खूश झाल्या. कोटवालीने विचारलं, "म्हणजे इथे बसायचं नाही?"

"नाही ना. वेळ वाचेल तुमचा," रेक्टरबाई म्हणाल्या.

कोटवालीने पुस्तकाची उरलेली पानं बोटांत धरून पाहिली. तिचं अजून बरंच पुस्तक शिल्लक होतं. त्यानंतर ती दिवसातून दोनदा यायला लागली. सकाळी कोट, संध्याकाळी उशीचा अभ्रा, कधी नुसता एक रुमाल. मी प्रत्येक वेळी फिरले. कशी फिरले ते माझं मला माहीत.

सादरीकरणाचा दिवस उजाडला. ते दुपारी होतं. सकाळी कोटवाली खाली आली, कोट आत टाकला, पावडर घातली नाही, आणि घाईघाईने वाचायला बसली. शेवटची तीन प्रकरणं उरली होती. मी पाणी घेतलं. फिरायला गेले आणि आतून काहीतरी कडाडलं. बेअरिंग तुटून अडकलं होतं. मला पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. पोटात पाणी भरलेलं, आणि पाणी असताना माझं दार उघडत नाही.

तिला काही वेळ कळलंच नाही. ती वाचत होती. कळलं तेव्हा तिने दार ओढून पाहिलं, बटणं दाबली, माझ्या पाठीवर एक धपाटाही घातला. मग ती तशीच उभी राहिली. काचेतून कोटाची एक बाही पाण्यावर तरंगताना दिसत होती.

घाईबाई उतरली ती ओरडतच. "फोन का लागत नाही तुझा? सगळे निघालेत. कोट घाल आणि चल."

"कोट आत आहे."

घाईबाईने काचेतून पाहिलं. "काल तर धुतलास."

कोटवालीने दार पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"परवाही धुतलास. त्याच्या आदल्या दिवशीही. मी विचार करायचे, एवढे कसले डाग पाडते ही. आपण तर आठवडाभर प्रयोगशाळेत गेलोच नाही."

"कोट धुवायला येत नव्हते मी," कोटवाली म्हणाली. "वाचायला येत होते."

घाईबाई बाकावर बसली. एवढ्या वर्षांत ती बसलेली मी फार कमी वेळा पाहिली. "मी वर एकटी ते आलेख काढत बसायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, बिचारी कपडे धुतेय. आणि तू गोष्टीचं पुस्तक वाचत होतीस."

"हो."

"सांगायचं ना मग. दोघींनी वेळ वाटून घेतला असता."

"सांगितलं होतं. पहिल्या दिवशी. तू म्हणालीस, रिकामीच आहेस तर चल."

घाईबाईने चुकलेलं बटण सोडून परत लावलं. मग हळूच म्हणाली, "म्हणाले असेन. मी स्वतःलासुद्धा तसंच म्हणते." तिचा आवाज दमलेला होता. मला पहिल्यांदा कळलं की ही मुलगी घाईत का असते. थांबली तर तिलाही रडू येईल अशी तिला भीती असावी.

मग ती उठली आणि वर जाऊन कुणा धाकट्या वर्गातल्या मुलीचा कोट घेऊन आली. तो कोटवालीला लहान होत होता, बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या. दोघी तशाच पळाल्या. पुस्तक बाकावर राहिलं. संध्याकाळी ते न्यायला दोघी एकत्र आल्या तेव्हा बोलण्यावरून कळलं की सादरीकरण बरं झालं. परीक्षकांनी आलेखांवर दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं घाईबाईने दिली. कोट आखूड आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आज सकाळी मेकॅनिकने माझ्या बुडाचं बूच उघडून पाणी काढलं, कोट बाहेर काढला आणि मला नळापासून सोडवलं. मग दोन माणसांनी मला पायऱ्यांवरून वर ओढलं आणि मागच्या व्हरांड्यात, सायकली ठेवतात तिथे आणून ठेवलं. अजून मी तिथेच आहे. भंगारवाल्याचा टेम्पो दुपारी यायचा आहे. इतक्या वर्षांनी ऊन पाहिलं तर डोळे दिपले. पत्र्यावरचा गंज किती वाढलाय तेही उजेडात सगळ्यांना दिसलं, त्याची जरा लाज वाटली.

आत्ताच, जेवणानंतर, कोटवाली व्हरांड्यात आली. हातात पुस्तक. ती माझ्या अंगाला पाठ टेकवून फरशीवर बसली आणि तिने मावशीला फोन लावला. पुस्तक धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवून शेजारी ठेवला. मावशीचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"निघायच्या तयारीत आहोत गं आम्ही. संध्याकाळी दवाखान्यात भरती व्हायचंय. तुझे बाबा रिक्षा आणायला गेलेत."

"थोडा वेळ आहे ना? माझी दोन प्रकरणं राहिलीत. तुझी?"

"माझीही तेवढीच."

"मग आत्ता दोघी वाचू. फोन चालू ठेवू, बोलायचं नाही. झालं की सांगायचं. घे पुस्तक."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पानांचा नाही.

"मावशी?"

"पुस्तक कपाटात आहे."

"मग काढ की. थांबते मी."

"काढून काय करू गं," मावशी म्हणाली. "मला अक्षरं दिसत नाहीत."

कोटवालीची पाठ माझ्या पत्र्याला टेकलेली होती. ती ताठ झालेली मला कळली. "कधीपासून?"

"तू सुट्टी संपवून गेलीस त्याच्या आधीपासूनच. आधी मोठी अक्षरं दिसायची. मग तीही जायला लागली. ऑपरेशन किरकोळ नाही. डोळ्याच्या पडद्याचं आहे. होईल तेवढं होईल म्हणालेत."

"पण तू तर दर रविवारी सांगायचीस, मीही तिथवर आले म्हणून."

"तू सांगत होतीस, तेवढी यायचेच ना मी. म्हणून तर विसरले-विसरले करायचे. म्हणजे तू पुन्हा सगळं नीट सांगायचीस."

"मला सांगितलं असतंस तर मी रोज वाचून दाखवलं असतं. फोनवर."

"म्हणूनच नाही सांगितलं." मावशी म्हणाली. "तुझ्यामागे काय कमी कामं होती? त्यात मावशीला वाचून दाखवायचं, हे आणखी एक काम झालं असतं. मग तू घड्याळाकडे बघत वाचलं असतंस. मला ते नको होतं. तुला ते आवडतं, एवढं एक तरी तुझ्या कामांत धरलं जाऊ नये, असं वाटलं मला."

कोटवालीने ओढणीने तोंड पुसलं. मग पान उघडलं आणि म्हणाली, "ऐक." आणि ती मोठ्याने वाचायला लागली.

एवढे दिवस मी हे पुस्तक समोर बघत होते आणि आज पहिल्यांदा त्यातला शब्द माझ्या कानावर पडतोय. खानावळवालीचा भाऊ कुठून तरी परत आलाय. ती त्याला ओळखत नाही, की ओळखून न ओळखल्यासारखं करतेय, ते अजून कळलेलं नाही. मावशी मध्येच म्हणते, "ते मागचं वाक्य परत एकदा," आणि कोटवाली परत वाचते. तिच्या आवाजाला काही घाई नाही.

आत्ता टेम्पो आला. दोन माणसं उतरली, त्यांतला एक दोर खांद्यावर टाकून म्हणाला, "ताई, मशीन उचलायचीय."

कोटवालीने मान वर केली. "थांबा जरा, मी वाचतेय," ती म्हणाली आणि परत खाली बघून पुढे वाचायला लागली. इतकं साधं म्हणाली, की त्या माणसाने दुसऱ्याकडे पाहिलं आणि दोघं टेम्पोच्या फळीवर बसले. मधल्या दारातून घाईबाई आली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मग एक सायकल बाजूला सरकवून तिथेच खाली बसली.

माझं काही राहिलेलं नाही. बेअरिंग तुटलंय, ड्रम अडकलाय, मला वितळवून कशाचं काय बनवतील ते त्यांचं त्यांना माहीत. जायला माझी ना नाही, मी खूप दमले आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. त्या टेम्पोवाल्या दोघांपैकी कोणी उठायला लागलं तर त्याला हाताला धरून बसवा. तो भाऊ आता दारात उभा आहे आणि खानावळवाली कडी काढते की नाही, ते मला ऐकून जाऊ द्या.